घर नसलेल्या कवितांचं घर

दोस्तांनो, तुमच्या वहीचं शेवटचं पान उघडा बरं! काय काय आहे तिथे? फुली-गोळ्याचे चार डाव, बाकावरच्या मित्राचं लांब नाकाचं चित्र, एखादा फोन नंबर... आणि अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एक अर्धवट कविता. खरं की नाही?

समजा, त्या कवितेत एक यान आहे, मंगळावरची तांबडी धूळ आहे आणि घरची आठवण येऊन रडणारा एक यंत्रमानव आहे. आता ही कविता दाखवायची कुणाला? मराठीच्या बाईंना दाखवावी, तर त्या म्हणतात, "अरे, यात विज्ञानच फार झालं!" विज्ञानाच्या सरांना दाखवावी, तर ते चष्मा वर करून म्हणतात, "छान, छान! पण ही तर कविता आहे." झालं! कविता बिचारी ना इकडची, ना तिकडची. परत वहीच्या शेवटच्या पानावर!

अशा कविता साऱ्या जगात लिहिल्या जातात. त्यांना घर मात्र नव्हतं. ते घर १९७८ साली अमेरिकेतल्या एका बाईंनी बांधलं. विटा नाहीत, सिमेंट नाही; घर कागदाचं. पण आज इतकी वर्षं झाली, तरी ते उभं आहे! त्या बाईंचं नाव सुझेट हेडन एल्गिन. आज त्यांची आणि त्यांच्या कागदी घराची गोष्ट सांगायची आहे.

फी भरायची कशी?

सुझेटबाईंचा जन्म १९३६ सालचा, मिसुरी राज्यातला. शब्दांचं वेड लहानपणापासूनचं. पुढे लग्न झालं, मुलंबाळं झाली आणि संसाराच्या धबडग्यात त्यांनी पुन्हा शिकायचं ठरवलं. विषय निवडला भाषाशास्त्र. सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेशही मिळाला. पण फी? घरात मुलं आणि खर्चाला हजार वाटा!

अशा वेळी आपण काय करू? कुणी शिकवण्या घेईल, कुणी दुकानात काम धरेल. सुझेटबाईंनी विज्ञानकथा लिहायला घेतल्या! अमेरिकेत विज्ञानकथांची मासिकं होती आणि ती कथेला मानधन देत. कथा लिहायची, पैसे आले की फी भरायची, असा हिशेब.

त्यांची पहिली विज्ञानकथा १९६९ साली छापून आली. तिचा विषय काय होता माहीत आहे? कविता! त्या कथेत एक दूरचा ग्रह आहे. तिथे कवी असणं हा सर्वांत मानाचा व्यवसाय. कवी व्हायला परीक्षा द्यावी लागते आणि कवींच्या सात पायऱ्या असतात. मुलग्यांनी परीक्षा द्यावी, नापास झाले तर दुसरं काही करावं. मुलींनाही परीक्षेची परवानगी आहे, पण एक भयंकर अट आहे. मुलगी नापास झाली, तर तिला जन्मभर एकटीला कोंडून ठेवायचं! कथेतल्या छोट्या मुलीच्या आत्याचं तसंच झालेलं आहे. ते माहीत असूनही ती मुलगी वडिलांसमोर उभी राहते आणि सांगते, मला परीक्षेला बसायचंय.

तिचा निकाल काय लागतो? ते मी सांगणार नाही! मोठे झालात की मिळवून वाचा. आपण एवढंच ध्यानात ठेवू, की फी भरण्यासाठी लिहिलेल्या पहिल्याच कथेत सुझेटबाईंनी विचारलं होतं : कविता कुणी लिहायची, हे ठरवायचं कुणी?

चेंडू दे आणि काठी दे

१९७३ साली सुझेटबाई डॉक्टरेट झाल्या. अभ्यासाच्या भाषा दोन : इंग्रजी आणि नवाहो. नवाहो ही अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या मूळ रहिवाशांची भाषा.

या भाषेत एक मोठी गंमत आहे. आपण म्हणतो, "चेंडू दे", "काठी दे", "टॉवेल दे". तिन्ही ठिकाणी 'दे' एकच. नवाहोत मात्र वस्तूचा आकार बदलला की क्रियापदाचं रूपच बदलतं! गोल घट्ट वस्तू देण्याचं रूप वेगळं, लांब ताठ वस्तूचं वेगळं, कापडासारख्या मऊ पसरट वस्तूचं आणखी वेगळं. म्हणजे नवाहो बोलणाऱ्या मुलाला "दे" म्हणतानाच वस्तूच्या आकाराकडे लक्ष द्यावं लागतं.

म्हणजे बघा हं, प्रत्येक भाषा आपल्याला कशाकडे तरी बोट दाखवून सांगते, "इकडे लक्ष दे!" एखादी भाषा आकाराकडे, एखादी काळाकडे, एखादी नात्यांकडे. आपल्या मराठीत काका, मामा, आत्या, मावशी सगळे वेगळे. इंग्रजीत दोनच शब्दांत सगळे बसवले! हे एकदा मनात ठसलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो : ज्या गोष्टीला शब्दच नाही, तिच्याकडे कोण लक्ष देणार?

हाच प्रश्न सुझेटबाईंच्या साऱ्या कामात पुन्हा पुन्हा दिसतो. आणि त्यांच्या ओळखीची अशीच एक गोष्ट होती, जिच्याकडे कुणाचं धड लक्ष नव्हतं. तीच ती, यान आणि मंगळवाली कविता.

नाव ठेवलं आणि घर झालं

विज्ञानकथांच्या मासिकांत कविता छापून येत नसत असं नाही. पण मासिक कथांसाठी निघे. कथा संपल्यावर पानाच्या तळाशी जागा उरली, तर तिथे कविता! आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत "जागा उरली तर बस" म्हणतात ना, अगदी तसं. दुसरीकडे कवितेची मासिकं होती. त्यांना रॉकेट आणि कृष्णविवरं फारशी रुचत नसत.

१९७८ साली सुझेटबाईंनी विज्ञानकवितेसाठी एक संस्था काढली. नाव अगदी सरळ : सायन्स फिक्शन पोएट्री असोसिएशन. संस्थेचं एक पत्रही सुरू केलं, 'स्टार*लाइन'. स्टार म्हणजे तारा आणि लाइन म्हणजे ओळ. छापतानाही दोन शब्दांच्या मध्ये एक चांदणी! या पत्रात कविता, कवितांची परीक्षणं, आणि कोण कुठे काय लिहितंय त्याच्या बातम्या. एकेकटे लिहिणारे लोक पोस्टाने एकमेकांना भेटू लागले.

पण विज्ञानकविता म्हणजे नेमकं काय? कवितेत 'चंद्र' शब्द आला की झाली का? मग तर आपली सगळी अंगाईगीतं विज्ञानकविता ठरतील! सुझेटबाईंचं म्हणणं असं, की अशा कवितेत दोन गोष्टी हव्यात. एक, विज्ञानाचा भाग. दुसरी, गोष्टीचा भाग. काहीतरी घडलं पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. चंद्राला भाकरीची उपमा दिली, तर कविता छान होईल, पण विज्ञानकविता होणार नाही. आता अशी कल्पना करा. चंद्रावर वस्ती झाली आहे. तिथे जन्मलेली एक मुलगी खिडकीत बसली आहे. चंद्राची एकच बाजू नेहमी पृथ्वीकडे असते. त्यामुळे तिच्या खिडकीतून दिसणारी पृथ्वी उगवतही नाही आणि मावळतही नाही. आकाशात जवळजवळ एकाच जागी टांगलेली असते आणि कलेकलेने वाढते, घटते. हे झालं विज्ञान. पृथ्वीवरून आलेली आजी तिला झोपवताना "चांदोबा, चांदोबा" म्हणू लागते आणि मुलगी विचारते, "आजी, आपण चांदोबावरच आहोत ना? मग बोलवायचं कुणाला?" ही झाली गोष्ट. आता आजी काय म्हणेल? तिथे कविता सुरू होते. लिहून बघा!

आंधळा गायक आणि चंद्रावरचं विवर

घर झालं, आता घरात सण हवा! संस्था स्थापन झाली, त्याच वर्षी एक पुरस्कारही सुरू झाला. नाव 'ऱ्हिसलिंग पुरस्कार'.

हा ऱ्हिसलिंग कोण? तो कधी जन्मलाच नाही! रॉबर्ट हाइनलाइन नावाच्या लेखकाने १९४७ साली लिहिलेल्या एका विज्ञानकथेतलं ते पात्र आहे. ऱ्हिसलिंग हा अंतराळयानाच्या इंजिनघरातला कामगार. एका अपघातात किरणोत्साराने त्याचे डोळे जातात. मग तो या ग्रहावरून त्या ग्रहावर गाणी रचत, गात हिंडतो. शेवटी पृथ्वीकडे परतताना यानात पुन्हा बिघाड होतो. इंजिनघर तर त्याला हातांनी पाठ! तो चाचपडत चाचपडत यान वाचवतो आणि ते करता करता पृथ्वीच्या हिरव्या डोंगरांवरचं आपलं अखेरचं गाणं म्हणतो.

आता पुढची गंमत ऐका. १९७१ साली अपोलो १५ चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन चंद्रावर उतरले. चंद्रावर पहिल्यांदा मोटार चालवणारे ते हेच. त्यांच्या मोहिमेत उतरण्याच्या जागेजवळच्या एका विवराला नाव दिलं गेलं : ऱ्हिसलिंग! म्हणजे कथेतल्या आंधळ्या कवीचं नाव आधी खऱ्या चंद्रावर लागलं आणि सात वर्षांनी कवितेच्या पुरस्काराला.

पुरस्काराची पद्धतही छान आहे. पन्नास ओळींपेक्षा लहान ती लघुकविता आणि त्याहून मोठी ती दीर्घकविता, असे दोन विभाग ठेवले. संस्थेचे सभासदच वर्षभरात आवडलेल्या कविता सुचवतात. सुचवलेल्या कवितांचं एक पुस्तक निघतं, ते वाचून सभासद मत देतात. म्हणजे आधी वाचा, मग मत द्या! १९८८ साली लघुकवितेचा पुरस्कार दोघांत विभागून दिला गेला. त्यातली एक कविता खुद्द सुझेटबाईंची होती. पुरस्कार सुरू होऊन तोवर दहा वर्षं झाली होती.

लहान पत्रं, मोठी माणसं

'स्टार*लाइन'सारख्या हौशी पत्रांना अमेरिकेत 'झीन' म्हणतात. 'मॅगझिन'चं शेपूट! विज्ञानकथांच्या वाचकांनी स्वतः काढलेलं पहिलं पत्र म्हणून 'द कॉमेट'चं नाव घेतात. ते १९३० साली शिकागोत निघालं. पुढे १९४० मध्ये 'फॅन' आणि 'मॅगझिन' जोडून 'फॅनझीन' शब्द तयार झाला.

ही पत्रं छापत कशी? त्यातली बरीचशी सायक्लोस्टाइल करत. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते लगेच सांगतील! त्यांच्या परीक्षेचे पेपर असेच निघत. मेणाचा थर दिलेल्या कागदावर टाइप केलं की अक्षराच्या जागी मेण निघून जाई. तो कागद यंत्राच्या रुळावर लावून फिरवला की त्या जागांमधून शाई झिरपून खालच्या कागदावर अक्षरं उमटत. हाताला शाई, नाकाला वास!

आणि अशा पत्रांतून काय निघेल, याचा नेम नाही. १९३३ साली क्लीव्हलँड शहरातल्या दोन शाळकरी दोस्तांनी असंच एक पत्र काढलं. जेरी सीगल लिहायचा आणि जो शुस्टर चित्रं काढायचा. त्यांच्या त्या पत्रात एक कथा आली. तिच्या नावात एक शब्द होता : 'सुपरमॅन'! त्या कथेतला सुपरमॅन चक्क खलनायक होता. पुढे दोघांनी तो पार बदलला आणि १९३८ मध्ये आपला निळ्या-लाल कपड्यांतला सुपरमॅन जगापुढे आला.

कवितांच्या झीनमध्येही चित्रकाराचं काम मोठं असतं बरं का. कविता दहा ओळींची आणि विषय साऱ्या विश्वाचा! मग शेजारी काळ्या शाईतलं एखादं रेखाचित्र हवं. कवितेचं 'भाषांतर' करणारं नव्हे, तिच्याशी गप्पा मारणारं. सुझेटबाईंनंतर 'स्टार*लाइन'ला अनेक संपादक लाभले. त्यांपैकी मार्ज सायमन या तर कवयित्रीही आणि चित्रकारही! दुसऱ्यांच्या कविता निवडायच्या, स्वतःच्या लिहायच्या आणि चित्रंही काढायची, असं तिहेरी काम. १९९६ साली त्यांच्या एका दीर्घकवितेला ऱ्हिसलिंग पुरस्कार मिळाला.

आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे स्टीव्ह स्नीड! यांनी विज्ञानकवितांची माहिती देणारं 'डेटा डम्प' नावाचं पत्र कित्येक वर्षं काढलं, तेही हाताने लिहून! संगणक घरोघरी पोहोचले, तरी स्नीड आपले पेन घेऊन बसलेलेच. आपल्या शाळांमध्ये निघतात ना, तसलं हस्तलिखितच म्हणा. २०१५ साली सुझेटबाईंच्या संस्थेने सायमन आणि स्नीड या दोघांनाही 'ग्रँड मास्टर' हा सर्वोच्च मान दिला. स्नीड २०१८ साली वारले.

नसलेल्या शब्दांची भाषा

सुझेटबाईंकडे परत येऊ. नाव नसलेल्या कवितांना त्यांनी नाव दिलं. मग त्यांना वाटलं, नाव नसलेल्या भावनांचं काय? विशेषतः बायकांच्या मनात अशा कितीतरी गोष्टी असतात, ज्या सांगायला लांबलचक वाक्यं लागतात. आणि वाक्य संपायच्या आत ऐकणारा उठून गेलेला असतो!

म्हणून १९८२ साली त्यांनी एक नवी भाषाच रचायला घेतली. तिचं नाव 'लाअदन'. १९८४ मध्ये आलेल्या 'नेटिव्ह टंग' या कादंबरीत त्यांनी ती वापरली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोश व व्याकरणही प्रसिद्ध झालं. त्यातले दोन शब्द ऐका.

पहिला, 'रादीइदिन'. अर्थ : म्हणायला सुट्टी किंवा सण, पण कामाचा आणि तयारीचा एवढा बोजा की त्या दिवसाची धडकीच भरावी. त्यातून पाहुणे भरपूर आणि हात लावायला एकही नाही! आता जरा आपल्या घरातली दिवाळी आठवा. चकल्या, करंज्या, पाहुणे, भांड्यांचा ढीग. तुमची सुट्टी ती सुट्टी. पण घरात कुणाची तरी ती रादीइदिन असते का? कुणाची? या प्रश्नाचं उत्तर जोरात द्यायची गरज नाही. उठून चार भांडी विसळली तरी पुरे!

दुसरा, 'दोओलेदोश'. अर्थ : असं दुःख, की जे आल्यावर सुटल्यासारखं वाटतं, कारण ते येणार येणार ही धास्ती संपते. गणिताचा पेपर भयंकर गेलाय, निकाल वाईट लागणार म्हणून महिनाभर झोप नाही. शेवटी निकाल लागतो, वाईटच लागतो. रडू येतं, पण छातीवरचा दगडही उतरतो. आलं ना लक्षात?

लाअदनमध्ये आणखी एक नियम आहे. वाक्य बोललं की शेवटी सांगायचं, हे तुम्हाला कळलं कसं. स्वतः अनुभवलं असेल तर 'वा'. स्वप्नात पाहिलं असेल तर 'वे'. मनाने रचलं असेल तर 'वो'. विश्वासू माणसाकडून ऐकलं असेल तर आणखी निराळा शब्द. विचार करा, वर्गात हा नियम लागू केला तर किती अफवा जागच्या जागी मरतील! आपल्याकडेही याचा एक चिमुकला भाऊ आहे. "उद्या सुट्टी आहे" आणि "उद्या सुट्टी आहे म्हणे" यांत फरक आहे ना? तो 'म्हणे' हेच काम करतो.

मग लाअदनचं पुढे काय झालं? सुझेटबाईंनी तिला दहा वर्षांची मुदत दिली होती. बायकांना ही भाषा हवीशी वाटली तर त्या ती उचलतील, नाहीतर दुसरी अधिक चांगली करतील, असा प्रयोग होता. दोन्ही घडलं नाही. याच काळात 'स्टार ट्रेक' चित्रपटांसाठी रचलेली क्लिंगॉन ही लढवय्यांची भाषा मात्र जोरात पसरली! सुझेटबाईंनी सरळ सांगून टाकलं, की प्रयोगाचं उत्तर 'नाही' असं आलं. प्रयोगशाळेत उत्तर 'नाही' आलं तरी वहीत ते लिहायचंच असतं. शब्दकोश मात्र राहिला आणि ते शब्दही राहिले. आत्ता तुम्ही त्यातले दोन शिकलातच की!

गावाकडची बोली दुसऱ्या ग्रहावर

सुझेटबाई सॅन दिएगो राज्य विद्यापीठात शिकवत. १९८० साली निवृत्ती घेऊन त्या आर्कान्सा राज्यातल्या ओझार्कच्या डोंगराळ भागात राहायला गेल्या. ओझार्कच्या बोलीला शहरातले लोक हसत. "गावंढळ बोलता हो!" हे वाक्य आपल्याकडे वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या मुलांनीही ऐकलेलं असतं. सुझेटबाईंनी काय करावं? १९८१ साली तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि ओझार्कच्या लोकांना, त्यांच्या जादू जाणणाऱ्या आज्यांसकट, बोलीसकट, दुसऱ्या ग्रहावर नेऊन वसवलं! भविष्यकाळ फक्त शहरी लोकांचा नसतो, हे सांगायची ही त्यांची तऱ्हा.

तुमचे आई-बाबा हे वाचत असतील तर त्यांना प्रश्न पडला असेल : कवितेवर पोट भरतं का? नाही भरत! सुझेटबाईंचंही भरलं नाही. त्यांचा संसार चालला तो शिकवण्यावर, कादंबऱ्यांवर आणि १९८० साली आलेल्या एका वेगळ्याच पुस्तकावर. त्याचा विषय : शब्दांच्या माऱ्यापासून स्वतःला कसं वाचवावं. ते इतकं वाचलं गेलं, की त्या विषयावर त्यांनी पुढे आणखी बरीच पुस्तकं लिहिली.

त्यातली एक युक्ती तुमच्याही उपयोगाची आहे. कुणी म्हणालं, "तुला माझी खरंच काळजी असती ना, तर तू असं वागला नसतास!" की आपण लगेच 'असं वागण्या'वर भांडायला लागतो. पण खरा काटा वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागात असतो : 'तुला माझी काळजी नाही.' सुझेटबाई सांगत, आवाज न चढवता तेवढंच विचारा, "मला तुझी काळजी नाही, असं तुला केव्हापासून वाटायला लागलं?" बघा, भांडणाची हवाच जाते! पण विचारताना मनात खोडी नको हं. नाहीतर भांडण दुप्पट.

काय टिकलं?

सुझेटबाई २७ जानेवारी २०१५ रोजी वारल्या. त्यांनी भाषा रचली, ती फारशी कुणी बोललं नाही. पुस्तकं खपली, त्यावर घर चाललं. आणि ज्याने कधी पोट भरणार नव्हतं, ते कवितेचं छोटं पत्र? ते त्यांच्यामागेही चालूच राहिलं.

२००६ पासून संस्थेने दहा ओळींच्या आतल्या चिमुकल्या कवितांसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला. त्याचं नाव 'ड्वार्फ स्टार्स', म्हणजे बटू तारे. २०१३ पासून कवितासंग्रहांसाठी सुझेटबाईंच्या नावाने एल्गिन पुरस्कार दिला जाऊ लागला. २०१७ मध्ये संस्थेने आपल्या नावात अद्भुतकवितेलाही जागा दिली. घराला खोल्या वाढत गेल्या!

हे घर बांधायला सुझेटबाईंनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. मोठ्या मासिकांनी आमच्या कविता छापाव्यात म्हणून त्या दारात ताटकळत बसल्या नाहीत. आपलं दार आपणच केलं, वर पाटी लावली, आणि मग त्या दारातून दुसऱ्यांना आत घेतलं. संपादक म्हणजे तरी दुसरं काय? स्वतःला आवडलेलं दुसऱ्याचं लिखाण नीट, शुद्ध, सुंदर करून चार लोकांपुढे ठेवणारा माणूस.

चला, आपलंही एक पत्र काढू!

साहित्य : कोरे कागद, काळं पेन, स्टेपलर आणि चार मित्र.

१. कागद मध्ये दुमडला की त्याची चार पानं होतात. म्हणून पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत ठेवा. आठ पानी पत्राला दोन कागद लागतील.

२. पानांचा क्रम चुकतो तो इथेच! बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला पान ८ आणि १ येतं, दुसऱ्या बाजूला २ आणि ७. आतल्या कागदाच्या एका बाजूला ६ आणि ३, दुसऱ्या बाजूला ४ आणि ५. आधी कोऱ्या कागदावर आकडे घालून नमुना करून बघा.

३. मजकूर आणि चित्रं काळ्या शाईत करा. फिकट निळी शाई झेरॉक्समध्ये नीट उमटत नाही. घडीच्या बाजूला बोटभर जागा सोडा.

४. एकाने संपादक व्हा, एकाने चित्रकार. संपादकाने स्वतःची एकच कविता घ्यायची, हा नियम! बाकीची जागा दुसऱ्यांची.

५. वर्गात जो कधीच बोलत नाही, त्याच्या वहीचं शेवटचं पान आधी मागा. तिथे काहीतरी नक्की सापडेल.

आणि हो, पत्राला नाव द्यायला विसरू नका. नाव दिलं की घर झालंच म्हणून समजा!